चिमट्याच्या माथ्यातलं भोक

तार सतरा सेंटिमीटर आत गेली आणि थांबली.

तिने ती नखाने दाबून धरत बाहेर काढली, पट्टीवर ठेवली, पुन्हा आत घातली. पुन्हा सतराच. बाहेरून मोजलं तर नळीच्या वरच्या टोकापासून खाली तळापर्यंत साडेवीस भरत होते. म्हणजे तळाचे साडेतीन सेंटिमीटर आतून भरीव होते. पोलादाचा ठोकळा.

स्वयंपाकघरातल्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून तिने सायकलचा पुढचा चिमटा आडवा ठेवला होता. ज्या दोन दांड्यांमध्ये पुढचं चाक फिरतं तो चिमटा. दांड्या वर जिथे एकत्र येतात तो त्याचा माथा, आणि माथ्यातून हँडलकडे जाणारी ती नळी. रस्त्यावरच्या सायकलीला माथ्यात समोरून मागे आरपार भोक असतं, त्यात ब्रेकचा बोल्ट बसतो. हिच्या सायकलीला ते नव्हतं, कारण ही शर्यतीच्या गोल ट्रॅकवरची सायकल. तिथे सगळे एकाच दिशेने जातात, मध्येच कोणी थांबत नाही, म्हणून ब्रेक कोणी लावत नाही. पेडल चाकाशी जखडलेलं असतं. चाक फिरतंय तोवर पाय फिरणार. थांबायचं तर पायांनीच उलटा जोर लावत, हळूहळू.

माथा आतून पोकळ असेल तर भोक पाडल्यावर नळी तिथे कमजोर होते आणि एखाद्या खड्ड्यात सायकल पुढून मोडते. भरीव असेल तर काही भीती नाही. हा भरीव होता. ड्रिल असलेल्या कुठल्याही दुकानात पंधरा मिनिटांचं काम.

तिने तार गुंडाळून ड्रॉवरमध्ये ठेवली, हात धुतले आणि एकोणीस वर्षांनी आपल्या नवऱ्याला फोन केला. आधीच्या नवऱ्याला, असं म्हणायला हवं. पण दुसरा झालाच नसल्यामुळे तिला तो ‘आधीचा’ कधी वाटला नाही.

“तो ट्रॅकचा चिमटा,” ती म्हणाली. “ब्रेक लावायचाय. भोक पाडलं तर चालेल का, हे तूच सांगू शकशील.”

पलीकडे थोडा वेळ कसला तरी पत्रा वाजला.

“घेऊन ये,” तो म्हणाला. “बघायला लागेल.”

ती कवळ्या करायची. दातांच्या लॅबमध्ये तिला सव्वीस वर्षं झाली होती. डॉक्टरांकडून प्लास्टरचे जबडे यायचे, त्यावर नंबर आणि दातांच्या रंगाची चिठ्ठी. मेणाच्या हिरड्यांत एकेक दात बसवायचा, साचा करायचा, घासून गुळगुळीत करायचा, डबीत घालून परत पाठवायचा. शहरातली निम्मी म्हातारी माणसं तिच्या दातांनी जेवत होती आणि त्यातलं एकही तिला ओळखत नव्हतं. मधूनमधून एखादी कवळी टोचते म्हणून परत यायची. तेवढाच काय तो निरोप.

घर दुसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. फ्रिजमध्ये एकाच भाजीचे तीन डबे, झाकणावर सोमवार, मंगळवार, बुधवार. लॅबमधली सवय. रविवारी मात्र ती सकाळी सहाला सायकल खांद्यावर घेऊन जिना उतरायची आणि ट्रॅकवर जायची. चालत. बिनब्रेकची सायकल रस्त्यावर चालवायची नाही, असा शर्यतीच्या दिवसांपासूनचा नियम होता, म्हणून जाताना चाळीस मिनिटं आणि येताना चाळीस मिनिटं ती सायकल हाताने ढकलत न्यायची. वाटेवरचा पाववाला वर्षानुवर्षं विचारायचा, “पंक्चर?” सुरुवातीला तिने समजावून पाहिलं. नंतर ती “हो” म्हणायला लागली. त्याला वाटत असणार, या बाईइतकं फुटकं नशीब कोणाचं नाही.

ट्रॅकवर पन्नास फेऱ्या. तिथे आणखी चारपाच जण असायचे, वयाने अर्धे. बोलणं असं काही नसायचं. पण मागून येणारा “वर” म्हणून ओरडायचा, म्हणजे मी वरून पुढे जातोय, आणि ती खालच्या रेघेला धरून राहायची. पाववाल्याचं “पंक्चर?” सोडलं तर आठवड्यात तिच्याशी कामाखेरीज कोणी बोललेला तो एक शब्द. मग ट्रॅकच्या सिमेंटला भेगा पडल्या, दुरुस्तीची पाटी लागली, आणि पाटीही गंजल्यावर फाटकाला कुलूप लागलं.

“बरं झालं,” धाकटी बहीण फोनवर म्हणाली. “आता ब्रेक लाव आणि माणसासारखी रस्त्यावर चालव. माझ्याकडे ये कधीतरी. बसने यायला तुला कंटाळा येतो म्हणतेस.”

“लावते.”

“कोण लावून देणार?”

“बघते कोणीतरी.”

“ताई, त्याच्याकडे जाऊ नकोस हं.”

“कोणाकडे?”

“मला नको शिकवूस.”

त्याच्याशी तिचं भांडण असं कधी झालंच नव्हतं. तो सायकलींच्या चौकटी बांधायचा, ती त्या चालवायची. लग्नातली पहिली सात वर्षं दोघं अखंड बोलत होते, आणि सगळं सायकलीबद्दल. जेवताना तो भाकरीच्या तुकड्याने ताटात वळणाचा उतार दाखवायचा. रात्री दिवा मालवल्यावर ती सांगायची की तिसऱ्या वळणावर पुढचं चाक किंचित लवतं, आणि तो उठून दिवा लावून कागदावर आकडे लिहायचा. हा चिमटा त्यातूनच झाला. नळीच्या तळाशी त्याने ठोकळा घालून पितळेचा डाग दिला होता. चाक लवायचं थांबलं. त्या वर्षी ती दोन शर्यती जिंकली.

एकतिसाव्या वर्षी तिने शर्यती सोडल्या. गुडघा दुखायचा, आणि मुली येत होत्या तिच्याहून वेगवान. सोडल्यावर पहिल्याच आठवड्यात जेवणाच्या टेबलावर दोघांच्या लक्षात आलं की बोलायला काही नाही. त्यांनी प्रयत्न केले. पडद्यांबद्दल बोलले. शेजाऱ्यांच्या कुत्र्याबद्दल बोलले. मूल होत नव्हतं, त्याबद्दल एकदाच बोलले. अशी चारेक वर्षं गेली, आणि मग एका दुपारी दोघांनी कागदावर सह्या केल्या. बाहेर आल्यावर तो म्हणाला, “सायकल तूच ठेव.” ती म्हणाली, “बरं.”

म्हणून ती भरीव चिमटा घेऊन निघाली होती. तिला भोक नको होतं असं नाही. पण त्याआधी तिला एक दुपार हवी होती, ज्यात कोणीतरी तिच्याशी पुढच्या चाकाबद्दल बोलेल. त्यासाठी एक प्रश्न लागणार होता, आणि उत्तर माहीत असलेला का होईना, तेवढाच तिच्याकडे होता.

त्याचं वर्कशॉप घराच्या मागच्या अंगाला होतं. आता तिथे खिडक्यांच्या जाळ्या आणि फाटकं व्हायची. चौकटी बांधायचा लोखंडी साचा भिंतीला टेकवलेला होता आणि त्यावर कोणीतरी पायपुसणं वाळत घातलं होतं. तो दारात उभा होता. केस गेले होते, पोट आलं होतं.

“या,” तो म्हणाला. “बसा.”

ती उभीच राहिली आणि पिशवीतून चिमटा काढून त्याच्या हातात दिला. त्याने तो उजेडात धरला, दोन्ही दांड्या डोळ्यांच्या रेषेत आणून एक डोळा मिटला.

“पडलीस कुठे?”

“नाही.”

“डावी दांडी केसभर आत आलीय.”

“पहिल्यापासून आहे ती. तूच केलीस.”

“मी नाही करणार अशी.”

“मग मी रोज रात्री दाताने वाकवली असेल.”

तो हसला. “दातांचं दुकान आहेच तुझं,” तो म्हणाला, आणि स्टुलावर बसला. तीही बसली.

त्याने ब्रेकचा संच चिमट्याला लावून पाहिला. ट्रॅकच्या चिमट्यात टायर आणि माथा यांच्यामध्ये करंगळीही जात नाही, म्हणून आखूड हातांचा ब्रेक लागतो. तिने तसाच आणला होता. रबराचे गुटके रिमवर कुठे टेकतील ते त्याने दांड्यांवर खडूने दाखवलं. बोल्ट एक अंश जरी तिरका गेला तर ब्रेक एकाच बाजूला ओढेल, म्हणाला. चाकाचा आस पुढे किती येतो, रस्त्यावर हँडल किती चटकन फिरेल, खड्डा आला तर हा ताठ चिमटा मनगटाला कसा बसेल. तिने मनगट दाखवलं. लॅबमध्ये घासून घासून दुखायचं ते. मग त्याने माथ्यावर बोट टिचकावलं, नळीत डोळा घालून पाहिलं, आणि थांबला.

“आतून पोकळ आहे,” तो म्हणाला.

तिने त्याच्याकडे पाहिलं. तो चिमट्याकडे पाहत होता.

“पोकळ?”

“हो. नुसतं भोक पाडलं तर धोका आहे. एक बुश वळावा लागेल, म्हणजे आतून आधार द्यायला छोटी नळी. ती माथ्यात घालायची, डाग द्यायचा, मग त्यातून बोल्ट. आज नाही होणार. लेथवर वळायला लागेल. पुढच्या शनिवारी ये. आणि मग डाग दिल्यावर एकदा, बघायला.”

“म्हणजे अजून दोन खेपा.”

“तीनही होतील.”

सतरा आणि साडेवीस हे आकडे तिच्या जिभेवर होते. ते तिने गिळले.

“लागतील तर लागतील,” ती म्हणाली. “घाई नाही मला.”

तो आठवडा सायकल घरात बिनचिमट्याची उभी होती, नाक जमिनीला टेकून. तिला त्याचं काही वाटलं नाही. बुधवारी तिने एका वरच्या जबड्याच्या कवळीत पुढचा एक दात मुद्दाम किंचित तिरका बसवला, खऱ्यासारखा, आणि डॉक्टरांनी फोन करून सांगितलं की पेशंट रडला. छान झालीय म्हणाला. शुक्रवारी तिने केस कापून घेतले. विचारायच्या गोष्टी तिने वर्तमानपत्राच्या कडेवर लिहून ठेवल्या. मागच्या चाकालाही ब्रेक लागेल का. दात किती कमी करावे, म्हणजे चेनच्या चाकाचे. शेवटी लिहिलं, चढावर काय. चढावर काय ते तिला चांगलं माहीत होतं.

शनिवारी त्याने बुश दाखवला. करंगळीच्या पेराएवढा, चकचकीत, कडा इतक्या नीट मोडलेल्या की बोटाला कुठे लागत नव्हत्या. तिने तो लॅबच्या सवयीने जिभेला लावून पाहिला.

“खातेस काय?”

“खरखर लागते का ते बघते. जिभेला कळतं.”

“मग?”

“चांगला केलायस.”

त्याचे कान लाल झाले. दोघं चिमटा आवळून धरलेल्या व्हाइसपाशी उभे राहून मागच्या ब्रेकबद्दल बोलत होते. तो म्हणत होता एकच पुरे, पाय आहेत की मागचं चाक धरायला. ती म्हणत होती पावसात काय. तेवढ्यात त्याची बायको चहाचा ट्रे घेऊन आली. ती शाळेत कारकून होती, शनिवारी घरी असायची. गोल चेहरा, चष्मा दोरीने गळ्यात. ट्रे तिने जाळ्यांच्या ढिगावर ठेवला.

“घ्या ताई. साखर बेताची घातलीय. यांना चालत नाही म्हणून कोणालाच नाही.” तिने व्हाइसमधल्या चिमट्याकडे पाहिलं. “हा तो चिमटा ना?”

“कुठला तो?” तो म्हणाला.

“अहो, तुमचा तो. सायकलवाला कोणी आला की सांगता. चाक लवत होतं, म्हणून आत ठोकळा घातला आणि डाग दिला. मला पाठ झालंय. साडेतीन सेंटिमीटर.” तिने चष्मा डोळ्यांवर चढवला. “मग आत भरलेलंच असेल तर हा बुश कशाला?”

बायकोने हे सहज विचारलं की मुद्दाम, ते दोघांनाही कळलं नाही.

“तो वेगळा,” तो म्हणाला.

“वेगळा कुठला? एकच केला होता म्हणता ना?”

बुश त्याच्या तळहातावर होता, आणि तो मूठ मिटत उघडत होता. तो खोटं बोलताना सापडला होता, आणि त्याला वाटत होतं आपण एकटेच सापडलो. एवढं तरी तिला बघवेना.

“तार सतरा आत जाते,” ती म्हणाली. “बाहेरून साडेवीस.”

“कधी मोजलंस?”

“यायच्या आधी.”

आता त्याने तिच्याकडे पाहिलं. पहिल्यांदाच. केस कापलेत हेही त्याला तेव्हाच दिसलं असावं. त्याच्या बायकोने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं, मग बिस्किटांची बशी दोघांच्या मधोमध सरकवली.

“मग झालं तर,” बायको म्हणाली. “पाडून टाका भोक. चहा निवतोय.”

भोक पाडायला बारा मिनिटं लागली. त्याने गुण्या लावून मधली खूण केली, पंच मारला. ती तेलाची कुपी धरून उभी राहिली. ड्रिल पुढून शिरलं आणि मागून बाहेर पडेपर्यंत एकदाही मोकळं सुटलं नाही. निळसर कीस वेटोळ्यांनी बाहेर येत राहिला, अखंड, भरीव लोखंडाचा. मग त्याने भोकाच्या कडा कानशीने मोडल्या, फुंकर मारली, पुन्हा मोडल्या. करण्यासारखं आणखी काही उरलं नाही तेव्हा त्याने व्हाइस सैल केला.

“बोल्ट फार आवळू नको,” तो म्हणाला.

“नाही आवळत.”

“आणि पुढचा एकच बस आहे. मागच्याला काही नको.”

“बरं.”

बुश त्याने फळीवरच्या बिजागऱ्यांच्या डब्यात टाकला.

त्याची बायको तिला फाटकापर्यंत सोडायला आली. वाटेत तिने एका कुंडीतलं वाळलेलं पान तोडलं.

“आठवडाभर लेथवर होते,” ती म्हणाली. “तेवढ्याशा तुकड्यासाठी. मी विचारलं तर म्हणाले, माप जमत नाही. माप पहिल्याच दिवशी जमलं असणार. मी काय ओळखत नाही होय?” पान तिने चुरून टाकलं. “माझ्याशी ते पडद्यांबद्दल बोलतात, ताई.”

तिने चिमट्याची पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

“पुन्हा यायचं झालं तर फोन करून या,” त्याची बायको म्हणाली आणि फाटकाची कडी घातली. आवाजात राग नव्हता. असता तर सोपं गेलं असतं.

घरी तिने सगळं स्वतःच जोडलं. छर्रे पुसून ग्रीसमध्ये बसवले, हँडलखालचा मोठा नट आवळला, ब्रेक लावला, तार ओढून घेतली. रविवारी सकाळी ती जिना उतरली आणि दारातच सायकलवर बसली. पाववाला दुकान उघडत होता. ती त्याच्यासमोरून निघून गेली तेव्हा त्याने हातातली फळी तशीच धरून ठेवली.

ट्रॅकवर ती आयुष्यभर डावीकडे वळली होती. उजवं वळण घेताना तिला अंग कुठे टाकावं ते कळेना. सिग्नलला ब्रेक दाबला तर चाक थांबायला लागलं, पण पाय आपले उलटा जोर लावतच होते. त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. तिसऱ्या सिग्नलपर्यंत ते शिकले. ब्रेक सरळ बसला होता, कुठल्याच बाजूला ओढत नव्हता. बारा मिनिटांत झालं असलं तरी काम चोख होतं.

बहिणीकडे जायचं म्हणून ती निघाली होती, पण थांबली ती त्याच्या गल्लीच्या तोंडाशी. फोन केलेला नव्हता. एक पाय फुटपाथवर टेकून ती उभी राहिली, आणि थांबलं की हाताला काहीतरी करावंसं वाटतं म्हणून तिने ब्रेक दाबून सायकल पुढेमागे हलवली. खट्. पुन्हा हलवली. खट्. हँडलखाली बारीकसं काहीतरी वाजत होतं, नट सैल राहिला होता. छर्रे बसल्यावर पहिल्या फेरीनंतर तो परत आवळावाच लागतो, आणि त्याला लागणारा रुंद जबड्याचा चपटा पाना तिच्याकडे नव्हता. तो त्याच्याकडे होता. व्हाइसच्या वर, खिळ्याला टांगलेला तिने शनिवारी पाहिला होता.

आता तिच्याकडे खरं कारण होतं. पन्नास पावलांवर पाना होता, अर्ध्या मिनिटाचं काम होतं, आणि तसं चालवत राहणं धोक्याचंच होतं. कोणीही मेकॅनिक हेच म्हणाला असता. तिने खिशातून फोन काढला. त्याची बायको फोन उचलेल. ती सांगेल, नट सैल झालाय. त्याची बायको म्हणेल, हो का. आणि मग तो येईल, ब्रेक दाबून सायकल हलवेल, आणि ते खट् तिघंही ऐकतील. तो आवाज खरा असूनही त्यावर कोणाचा विश्वास बसणार नाही. त्याचाही नाही.

खोटं कारण घेऊन ती दोनदा सहज आत गेली होती. खरं घेऊन जायचं तिला धैर्य झालं नाही.

ती सायकलवरून उतरली, सायकल वळवली आणि घरी निघाली. चालत. दुपारी तिने खालच्या मजल्यावरच्या नळदुरुस्तीवाल्याकडून पाइप पाना मागून आणला. नटाभोवती फडकं गुंडाळलं, तरी पान्याचे दात त्यातून घुसले. नट आवळला गेला. ब्रेक दाबून तिने सायकल पुढेमागे हलवली, चारपाच वेळा. काही वाजलं नाही. नटाच्या एका बाजूवर खोल चरे उमटले होते. तिने त्यांवरून बोट फिरवलं, पाना पुसला आणि परत करायला खाली गेली.

“झालं काम?” नळवाल्याने विचारलं.

“झालं,” ती म्हणाली, आणि त्याने आणखी काही विचारलं तर, म्हणून क्षणभर दारात थांबली.